“दादा आला का गं?”

आमच्या आत्याच्या तेराव्याला तळेगावच्या घरी साठ-सत्तर माणसे जमली होती. जेवणे झाल्यावर ओसरीवर सतरंज्या अंथरल्या आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याने दोन शब्द बोलावे असे ठरले. बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच विशेषण होते : सोशिक. आत्या सोशिक होती, तिने कधी कोणाला दुखावले नाही, कधी काही मागितले नाही, तिचा आवाज कधी चढला नाही. तिच्या मुलाच्या मुलांना आणि माझ्या मुलांनाही ती आजीच होती. सगळी नातवंडे तिला ‘आत्याआजी’ म्हणत. त्यांतला थोरला नातू बोलायला उभा राहिला, पण तिच्या हातच्या थालीपिठापलीकडे त्याला जाता आले नाही. रडूच फुटले.

मी काहीच बोलले नाही. माझ्या पर्समधल्या मोबाइलमध्ये आत्याच्या आवाजाची अकरा ध्वनिमुद्रणे होती, सगळी मिळून त्रेपन्न मिनिटांची. त्यांतील एकात ती अगदी स्पष्ट शब्दांत म्हणते, “मला राग आहे. अजून आहे.”

गेल्या अंकातील शय्याव्रणांविषयीच्या लेखानंतर एका वाचक भगिनींनी विचारले आहे : हे झाले शरीराचे, पण आमच्या सासूबाई दिवसभर तीच ती जुनी गोष्ट सांगत राहतात, तेच ते विचारत राहतात, त्याचे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर मला आत्याविषयी लिहिल्याशिवाय देता येणार नाही. दोन वर्षे मी ते टाळत आले आहे.

आत्याचा जन्म १९३७चा, तळेगावच्या गाव भागातला. ज्यांनी तळेगाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते : गाव भाग आणि स्टेशन भाग अशी या गावाची दोन अंगे आहेत. आत्याचे माहेर डोळसनाथाच्या देवळाकडे आणि सासर स्टेशनकडे. म्हणजे लग्न होऊन ती गेली कुठे, तर पायी अर्ध्या-पाऊण तासावर. तरी त्या काळी माहेरी यायला सणच लागत. यजमान आगगाडीने पुण्याला नोकरीला जात. ते पन्नाशीत गेले. मुलगा नोकरीसाठी दूर राहिला, आणि आत्या परत गाव भागात, भावाच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी आली. मी चौतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, तेव्हा वडील गेलेले होते आणि आत्या घरात एकटी होती. तिला सांभाळण्यासाठी मी तळेगावी राहायला आले, असे मी लोकांना सांगत असे. खरे म्हणजे मलाही कुठेतरी परतायचेच होते.

ती ऐंशीची झाली आणि विसरू लागली. भाजीत दोनदा मीठ पडे. एकदा डोळसनाथाच्या देवळातून घरी येण्याचा रस्ता तिला सापडेना. ज्या गल्लीत ती लहानपणी सागरगोटे खेळली, त्याच गल्लीच्या तोंडाशी ती उभी होती. डॉक्टरांनी प्रथम थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासले, कारण यांच्या कमतरतेमुळेही विस्मरण होते आणि ते औषधाने सुधारू शकते. पंचाहत्तरी उलटली की विसरणारच, असे म्हणून ही तपासणी टाळणारी कुटुंबे मी खूप पाहिली आहेत, टाळू नये. आत्याच्या बाबतीत ती कारणे निघाली नाहीत. निदान अल्झायमरचे झाले.

पुढच्या दोन वर्षांत एक नवीच गोष्ट सुरू झाली. दिवेलागणीला आत्या ओसरीवर येऊन उभी राही आणि विचारी, “दादा आला का गं?”

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. आप्पांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. मी तिच्याजवळ जाऊन शांतपणे सांगे, “आत्या, आप्पा गेले गं. नऊ वर्षं झाली.” तिचा चेहरा पडे. “गेला? कधी? मला कुणी कळवलं नाही?” आणि ती रडे. साधे हुंदके नव्हेत. नुकतीच बातमी कळलेल्या बहिणीचे रडणे. पाऊण तासाने ती सगळे विसरे आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा ओसरीवर येई. मी पुन्हा सांगे. अशा रीतीने माझ्या आत्याला तिच्या भावाच्या मृत्यूची वार्ता मी किती वेळा दिली असेल, याचा हिशेब करण्याचे धैर्य मला झालेले नाही.

मी हे दुष्टपणाने करीत नव्हते. आमच्या शिक्षणात तसे शिकवलेलेच होते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९५० नंतरच्या काळात एक पद्धत पुढे आली होती : गोंधळलेल्या रुग्णाला आजचा वार, तारीख, ठिकाण, वस्तुस्थिती पुनःपुन्हा सांगत राहायची, म्हणजे तो वास्तवाशी जोडलेला राहतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर, मोठ्या आकड्यांचे घड्याळ हे त्यातूनच आले आणि आजार सुरुवातीला असताना त्याचा उपयोगही होतो. पण वार कोणता हे सांगणे वेगळे आणि भाऊ मेला हे रोज सांगणे वेगळे. हा फरक पुस्तकात वाचूनही मला घरात दिसला नाही.

तो दाखवला इंदोरीहून दिवसा येणाऱ्या ताईंनी. त्या शाळा सातवीपर्यंत शिकलेल्या, आत्याला न्हाऊ-माखू घालायला आणि सोबतीला येत. एका संध्याकाळी मला बाजारातून यायला उशीर झाला, म्हणून त्या थांबल्या होत्या. मी फाटकातून आत येत होते तेव्हा आत्याचा प्रश्न ऐकू आला आणि ताईंचे उत्तरही : “नाही आले अजून, आजी. दादांना जेवायला काय आवडायचं हो?”

“भात. पहिल्या वाफेचा. वर मेतकूट आणि तूप. दुसरं काही दिलं तरी चालायचं नाही त्याला.” आत्या पायरीवर बसली. मग आंबेमोहराच्या भाताला कसा आंब्याच्या मोहराचा वास असे, तो वास तीन घरे सोडून कसा जाई, हे तिने सांगितले. कॉलेजात जाणाऱ्या दादाचा डबा भरायचे काम तिचे, आणि गाडी चुकेल म्हणून तो निम्मा डबा घरीच संपवी. ती हसत होती. मी फाटकाशीच उभी राहिले.

ताई खोटे बोलल्या का? “नाही आले अजून” हे शब्दशः खरे आहे, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावले. माझ्या मनातला संकोच मात्र पुरता गेलेला नाही. फसवणूक आणि सोबत यांतली रेषा प्रत्येक घराला आपापली आखावी लागते, एवढेच मी अनुभवाने म्हणू शकते.

यामागे शरीरशास्त्र आहे. नवी आठवण साठवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाकडे असते आणि अल्झायमरमध्ये हाच भाग लवकर बाधित होतो. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीचा डबा आठवतो. त्यातही साधारणपणे दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात, हे निरोगी वृद्धांमध्येही आढळलेले आहे. आणि हातांना येणाऱ्या गोष्टी, जसे वाती वळणे, लसूण सोलणे, घड्या घालणे, यांची स्मृती मेंदूच्या निराळ्याच भागांवर अवलंबून असल्यामुळे ती फार उशिरापर्यंत टिकते. आत्याला आपल्या मुलाचे नाव आठवेनासे झाले त्यानंतरही सव्वा वर्ष ती फुलवाती वळत होती, एकसारख्या, बोटांनी मोजून मापून.

तांदूळ निवडणे हे तिचे आवडते काम. पण आता दुकानातले तांदूळ यंत्राने साफ होऊन येतात. त्यात खडा सापडत नाही. ती ताटात बोटे फिरवी आणि काहीच न सापडून अस्वस्थ होई. मग ताई तिच्या ताटात मूठभर काळे उडीद मिसळून देऊ लागल्या. आत्या ते वेचून वाटीत टाकी आणि आम्ही तिच्या नकळत ते पुन्हा डब्यात भरून ठेवीत असू. तांदूळ असे इंद्रायणी, आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला, आंबेमोहराच्या कुळातला. भात शिजू लागला की आत्या मान वर करी. “आंबेमोहर नव्हे हा,” ती म्हणे, “पण बरा आहे.” त्या वासावर तिची जी गोष्ट सुरू होई ती कोणत्याही प्रश्नाने झाली नसती.

तेव्हापासून मी मोबाइल जवळ ठेवू लागले. ध्वनिमुद्रण करू का, हे मी तिला दर वेळी विचारीत असे. विसरणाऱ्या माणसालाही विचारावे. दोनदा तिने “नको” म्हटले आणि मी मोबाइल आत ठेवला.

पहिली दोन मुद्रणे ऐकण्यासारखी नाहीत. त्यांत माझे प्रश्न आणि तिचे “काय?” एवढेच आहे. तिचा आजार वाढला असे मी धरून चालले होते. डॉक्टरांनी कान पाहिले तर दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. तो काढल्यावर निम्मा ‘आजार’ ओसरला. चौतीस वर्षे रुग्णसेवा केलेल्या बाईने हे लिहावे लागणे लाजिरवाणे आहे, म्हणूनच लिहिते. ज्येष्ठांशी बोलायला बसण्यापूर्वी कान तपासून घ्यावे, श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी पाहावी, पंखा आणि टीव्ही बंद करावा आणि आपला चेहरा उजेडात येईल असे समोर बसावे.

साल विचारू नये, हेही मी चुकून चुकून शिकले. “हे कोणत्या साली झालं?” असे विचारले की आत्या गप्प होई, परीक्षेला बसल्यासारखी. त्याऐवजी “पानशेतच्या आधी की नंतर?” असे विचारले की उत्तर तत्काळ येई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्याला गेलेले यजमान रात्रीपर्यंत आले नव्हते. ती रात्र तिच्या आयुष्यात खुंटीसारखी ठोकलेली होती. कोयनेचा १९६७चा भूकंप, १९७२चा दुष्काळ, ह्या आणखी खुंट्या. जन्मतारीख ठाऊक नसलेल्यांचे वय काढण्यासाठी जनगणनेचे प्रगणकही अशाच घटनांचा आधार घेत आलेले आहेत. आपल्या घरातील वृद्धांच्या खुंट्या कोणत्या, हे एकदा शोधून काढावे.

सातव्या मुद्रणापर्यंत मी आत्याचा तो मूळ प्रश्न ओलांडायला शिकले होते. दादा आला का, या प्रश्नाला होय-नाही असे उत्तर न देता मी त्या दिवशी विचारले, “दादा आला की काय करायचंय, आत्या?”

“विचारायचंय त्याला.”

“काय विचारायचंय?”

ती बराच वेळ बोलली नाही. मुद्रणात कुकरची एक शिट्टी ऐकू येते, मग दुसरी. नंतर ती म्हणते, “तू बोलणार होतास ना अण्णांशी? मग का नाही बोललास?”

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. पुढे जे तिने तुटक तुटक सांगितले ते असे. सातवीची फायनल ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. सोळा-सतरा वर्षांची असताना तिने परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज लिहिला, मैत्रिणीच्या मदतीने, घरात न सांगता. तळेगावची हवा चांगली म्हणून तेव्हा आजारातून उठलेली माणसे इथे येऊन राहत, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या परिचारिकेला पाहून तिच्या मनाने घेतले होते. दादा म्हणाला, मी अण्णांशी बोलतो. अर्ज अण्णांच्या हाती पडला त्या संध्याकाळी दादा घरात होता. अण्णांनी तो वाचला, घडी घातली आणि चुलीत टाकला. दादा खाली पाहून जेवत राहिला. वर्षभरात तिचे लग्न झाले.

“मला राग आहे,” आत्या म्हणते. “अजून आहे.” आणि लगेच विचारते, “तू जेवलीस का?”

पासष्ट-सहासष्ट वर्षे. एवढा काळ ती दिवेलागणीला उंबऱ्याशी उभी राहून एक प्रश्न विचारण्याची वाट पाहत होती. आजार झाल्यावर तो फक्त ओठांवर आला. आणि मी तिला रोज सांगत होते की ज्याला विचारायचे तो मेला.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण होय, असे त्यापूर्वी सर्रास मानले जाई. बटलर यांनी म्हटले की हे मनाचे नैसर्गिक काम आहे. अंत जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेऊ लागतो आणि न मिटलेल्या गोष्टी पुन्हा हाती घेतो. त्यातून काहींना शांतता लाभते, काहींना पश्चात्ताप, खिन्नता घेरते. ही दुसरी बाजूही बटलर यांनी लपवलेली नाही. आठवणींवर आधारित उपचारांचे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर पुढे पुष्कळ अभ्यास झाले. त्यांतून दिसणारा लाभ सौम्य आहे आणि सर्वत्र सारखा नाही. कोणी याला रामबाण म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नये. पण बोलण्याने मन जड होत असेल, झोप-जेवण सुटत असेल, तर गोष्ट तेथेच सोडून द्यावी आणि खिन्नता आठवडा-दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. त्या सातव्या मुद्रणानंतर मी आत्याला अण्णांविषयी आपणहून पुन्हा कधी विचारले नाही.

आपल्याकडे हे काम शास्त्राचे नाव न घेता झालेले आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या रचीत आणि म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ते वेळोवेळी उतरवून घेतले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती पुढच्या वर्षी, १९५२ साली. कुणी कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसले नसते, तर असोद्याची ही लेक जळगावच्या एका घरातली प्रेमळ, कष्टाळू म्हातारी म्हणून तेराव्याला गौरवली गेली असती आणि तेवढ्यावर संपली असती.

लक्ष्मीबाई टिळकांचेही तसेच. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेल्यावर मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची साधने गोळा करू लागला आणि त्याने आईला तिच्या आठवणी लिहायला लावले. आई लिहू लागली ती वडिलांविषयी. पण कागदावर आली ती आई स्वतः. थट्टा करणारी, रुसणारी, घाबरणारी, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर वैतागणारी. १९३६ साली त्या गेल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा अखेरचा भाग अपुरा होता. मराठीतल्या कोणत्याही बाईचे ‘सोशिक’ म्हणून केलेले वर्णन वाचले की मला हे पुस्तक आठवते.

आणि आपल्या मुळशी-मावळच्या डोंगरांतले उदाहरण तर घराजवळचे आहे. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी खेड्याखेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. एक हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि त्यांच्याबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. त्या बायका हयात असताना हे काम झाले नसते तर ते पुन्हा होणे नव्हते. ओवीत बाई भावाविषयी पुष्कळ गाते. ते प्रेमाने गाते असे आपण समजतो, आणि ते खरेही आहे. पण जात्याच्या घरघरीच्या आडोशाला तक्रारही गाता येते.

आमच्या गावात बनेश्वराच्या परिसरात उमाबाई दाभाडे यांची समाधी आहे. सेनापतीपदाची धुरा वाहिलेली ही स्त्री १७५३ साली गेली. तिची आठवण दगडाने आणि दप्तराने राखली. आत्या मला लहानपणी तिथे घेऊन जाई. दप्तर नसलेल्या बायकांचे काय होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

आता जे घडले ते. तेराव्यानंतर काही दिवसांनी मी ते सातवे मुद्रण आत्याच्या मुलाला आणि माझ्या धाकट्या भावाला ऐकवले. आत्याचा मुलगा काही न बोलता उठून तळ्याकडे फिरायला गेला. भाऊ चिडला. “तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा,” तो म्हणाला. “आप्पा आता उत्तर द्यायला नाहीत. आजोबाही नाहीत. कशाला उकरून काढायचं?”

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. ती दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि आजारात ती जुळवणी चुकते. जळालेल्या अर्जाचा पुरावा कोठून आणणार? मी फक्त दोन गोष्टी भावापुढे ठेवल्या. आत्याच्या ट्रंकेत जुनी कॅलेंडरे निघाली. त्यांच्या समासात आम्हा सगळ्या मुलांचे ताप लिहिलेले आहेत, दर चार तासांनी, वेळ आणि अंश, शेजारी पेजेच्या वाट्या. माझ्या भावाच्या विषमज्वराचे अठरा दिवस त्यात आहेत. आणि दुसरी गोष्ट, मी परिचारिका व्हायला निघाले तेव्हा घरात सगळे नको म्हणत असताना आत्या स्टेशनकडून चालत आली, आप्पांसमोर बसली आणि म्हणाली, “ही जाणार.” आप्पांनी विरोधात एक शब्द काढला नाही. ते त्यांचे औदार्य, असे मी आजवर समजत होते.

भाऊ कॅलेंडर हातात घेऊन बराच वेळ बसला. मुद्रण खरे की खोटे यावर आम्ही पुन्हा बोललेलो नाही. त्याची एक प्रत मात्र त्याने आपल्या संगणकावर घेतली आहे.

वाचक भगिनींच्या प्रश्नाकडे परत येते. सासूबाई तेच ते विचारतात, तेव्हा उत्तर देण्याऐवजी त्या प्रश्नाच्या पुढचा प्रश्न एकदा विचारून पाहा. रोज नव्हे, तुम्हालाही स्वयंपाक असतो, झोप हवी असते, आणि विसाव्या वेळी तोच प्रश्न ऐकून आवाज चढला तर त्याबद्दल स्वतःला शिक्षा करीत बसू नका. संध्याकाळी अस्वस्थता वाढत असेल तर दिवे लवकर लावा, दुपारची झोप थोडी कमी होऊ द्या. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी. हळूहळू वाढणारे विस्मरण वेगळे आणि एक-दोन दिवसांत एकाएकी झालेला गोंधळ वेगळा. आत्याला एकदा अंगणात माणसे दिसू लागली, ती मधूनच गुंगीत जाऊ लागली. आम्ही म्हटले, आजार पुढे सरकला. निघाला तो लघवीचा जंतुसंसर्ग. उपचाराने आठवड्यात ती पूर्ववत झाली. बद्धकोष्ठ, अंगातले पाणी वा सोडियम कमी होणे, नवे औषध, यांनीही असे होते. एकाएकी बदल दिसला तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

माझ्या अकरा मुद्रणांतले एक अजून मला उलगडलेले नाही. नववे. त्यात आत्या तळ्याकाठची कसलीशी गोष्ट सांगते आहे. “ती म्हणाली, चल, आज पाणी कमी आहे,” असे म्हणते आणि हसू लागते. वीस-पंचवीस सेकंद नुसती हसते, तोंडाला पदर लावून हसल्यासारखी, सतरा वर्षांच्या मुलीचे हसू. ती म्हणजे कोण? अर्ज लिहायला मदत करणारी मैत्रीण हीच का? पाणी कमी होते म्हणून त्या दोघी कुठे गेल्या? मी तेव्हा विचारायचे राहून गेले. दाराशी गॅसचा सिलिंडर आला होता.

गाव भागात आत्याच्या शाळेतल्या एक आजी अजून आहेत. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी येते, बाकी ठणठणीत. त्यांच्या सुनेला मी गेल्या आठवड्यात फोन केला. ती म्हणाली, आई सकाळी ताज्या असतात, रविवारी दहाच्या सुमारास या, आणि जरा मोठ्याने बोला. मोबाइल रात्रीच चार्जिंगला लावून ठेवणार आहे. बरोबर थोडे इंद्रायणीचे तांदूळही नेईन म्हणते.